गाळणी

बाळकुम, ठाणे
५ जानेवारी २०२५

प्रिय संचिता,

तू नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. संदेशला फोन केला तर तुझा भाऊ म्हणतो, "जिजू, आता जे काय असेल ते वकिलांमार्फत बोला ना." अजून जिजू म्हणतो, एवढं तरी बरं. स्पीड पोस्टाने पाठवतोय, म्हणजे कल्याणला रामबागेत तुझ्या आईकडे ते कधी पोचलं आणि कोणी सही करून घेतलं ते मला इथे बसून दिसेल. परत पाठवू नकोस.

भांडायला लिहीत नाहीये. मी कधी भांडलो? आपल्या संसारात मी आवाज चढवलेला एक प्रसंग सांग. आपल्या घरात कोणाचाच आवाज चढला नाही. साऊंडवाल्याचं घर असंच असतं, असं मी पाहुण्यांना सांगायचो आणि तू बाजूला बसून हसायचीस. मी सारखं काही ना काही रेकॉर्ड करत असायचो. तू बोलायला आलीस की मी ओठांवर बोट ठेवून म्हणायचो, "थांब, टेक चालू आहे," आणि तू लगेच थांबायचीस. इतकी समजूतदार बायको माझ्या धंद्यात कोणालाच मिळाली नाही.

बातमी अशी की मला अख्खा सिनेमा मिळालाय. मालिकांना दाराच्या करकरी आणि सासूच्या बांगड्या पुरवायचे दिवस संपले. नाव 'निजलेली कॉलनी'. शाप लागून वर्षानुवर्षं झोपून राहिलेल्या राजकन्येची ती जुनी गोष्ट, पण आपल्या डोंबिवलीत आणलेली. मुलीच्या हळदीला एका मावशीला बोलवायचं राहून जातं, ती दारात उभी राहून तळतळाट देते, आणि त्याच संध्याकाळी कुठून तरी वायू पसरून कॉलनीच्या कॉलनी झोपी जाते. हळद लागलेली मुलगीसुद्धा. बारा वर्षांनी तिथे एक मीटर रीडर येतो, कारण कागदोपत्री बंद असलेल्या एका घराचं मीटर अजून फिरतंय. तोच आपला राजपुत्र. चौदा फेब्रुवारीला रिलीज आहे, म्हणजे प्रेमकथाच म्हणायची.

त्या मीटरवरून मला आपलं घर आठवलं. मी ऑगस्टमध्येच इथे स्टुडिओत राहायला आलेलो, आणि गणपतीत तू आईकडून येऊन तुझं सामान घेऊन गेलीस. तेव्हापासून डोंबिवलीच्या फ्लॅटला कुलूप आहे. तरी दर महिन्याला युनिटं पडतायत. फ्रीज तर मी बंद करून आलोय. सोसायटीवाले म्हणतात, मीटर खराब असेल.

आता मुद्द्याचं. सिनेमाच्या शेवटी चार मिनिटांचा एकच शॉट आहे. मुलगी पलंगावर झोपलेली, मीटर रीडर दारातून आत येतो आणि ती जिवंत आहे का हे बघायला तिच्या तोंडाजवळ कान नेतो. संगीत नाही, संवाद नाही. फक्त तिचा श्वास. दिग्दर्शक कमलेश म्हणाला, "खोटा श्वास चालणार नाही, मला खरी झोप पाहिजे." हिरॉईन ऐश्वर्याचा घेऊन बघितला, तो जिना चढून आल्यासारखा येत होता. मग मी तुझा लावला.

दोन वर्षांपूर्वीचे आपले रविवार तुला आठवत असतील. जानेवारी ते मे, एकूण एकोणीस. दुपारी जेवून तू आडवी व्हायचीस, मी उशाशी रेकॉर्डर ठेवायचो, फॅन बंद करायचो आणि बाहेर जाऊन चहा टाकायचो. वीस मिनिटांनी परत येऊन रेकॉर्डर उचलायचा. आधी तू एकदाच म्हणून हो म्हणालेलीस, मग आपली सवयच झाली. मे महिन्यात फॅनशिवाय तू घामाने भिजायचीस, पण कधी तक्रार केली नाहीस. आणि दर सोमवारी सकाळी डबा भरताना विचारायचीस, "ऐकलंस का?" मी म्हणायचो, "ऐकलं. एकदम स्वच्छ आलंय." माझ्या कामात एवढा रस माझ्या आईनेही कधी घेतला नाही.

तुझी परवानगी घ्यायची राहिली. पण तो आवाज आपल्या घरातला, आपल्या पलंगावरचा. त्यात माझंही काही आहेच ना.

सतरा फेब्रुवारीला कोर्टाची दुसरी तारीख आहे. वकील म्हणतात, त्या दिवशी दोघांनी हजर राहून पुन्हा हो म्हटलं नाही तर सहमतीच्या घटस्फोटाचा अर्ज पडतो. मी धमकी देत नाहीये, फक्त कळवतोय. त्याआधी एकदा भेट. चौदाला सिनेमाला ये. स्वतःचा श्वास एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ऐकलास की तुला कळेल, मी तुला किती लक्ष देऊन ऐकत होतो. मला तू परत हवी आहेस, संचिता. हे स्पष्टच लिहितो.

आईंना नमस्कार. त्यांच्या गाठीच्या ऑपरेशनचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही संदेशकडून. ते मी विसरलेलो नाही. घरच्या माणसाला कोणी असं वगळत नाही.

तुझा,
विनीत

बाळकुम
१७ जानेवारी

संचिता,

पत्र नऊ तारखेला दुपारी पोचलं. सही नुसती 'एस' अशी आहे, ती तुझी की संदेशची ते कळत नाही. उत्तर आलेलं नाही. हरकत नाही, मला थांबायची सवय आहे.

एक गंमत सांगायचीय. गंमतच म्हणू या.

झोप शेवटी शेवटी गाढ होते, म्हणून मी सातव्या रविवारच्या फाईलचा शेवटचा चार मिनिटांचा तुकडा घेतला आणि कुठेही न कापता त्या शॉटवर ठेवला. जुळवाजुळव काहीच केली नाही. मीटर रीडर दारातून आत पाऊल टाकतो आणि तुझा श्वास थांबतो. तो पलंगाजवळ येतो, वाकतो, कान पुढे करतो. श्वास थांबलेलाच. तो सरळ होऊन मागे सरकतो आणि मग तू श्वास सोडतेस. कमलेश खुर्चीत ताठ बसला. "काय टायमिंग ठेवलंयस यार, काटा आला अंगावर." मी म्हटलं, दोन दिवस घासलंय त्याच्यावर. ते खोटं होतं, हे फक्त तुला सांगतोय.

तो गेल्यावर मी अकराव्या रविवारचा शेवटचा तुकडा लावून बघितला. मग तिसऱ्याचा, मग सोळाव्याचा. कुठे पाच सेकंद अलीकडे, कुठे दहा सेकंद पलीकडे, पण तो दारात आला की श्वास थांबतो. तो मागे गेला की सुटतो. मी एकोणीसही लावून बघितले. दुपारची वेळ होती, बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, आणि मी स्टुडिओचे सगळे दिवे लावून बसलो होतो.

मी तेव्हाच म्हणालेलो तुला, झोपेत तुझा श्वास अडकतो, डॉक्टरला दाखव. तू नुसती बघत राहिलीस. दाखवलंस का कोणाला?

इथे झाडलोट करायला आवडाबाई येतात. मूळ बाळकुम गावातल्या. आता हे टॉवर आहेत तिथे त्यांची भातशेती होती. काल मी दार उघडं ठेवून रील चालवत होतो, तर त्या झाडू हातात धरून उंबऱ्यात थांबल्या. त्यांना पडदा दिसत नव्हता.

"कोन हाय रं ती बाय?"

"सिनेमातली आहे, आवडाबाई. झोपलीय."

"ही काय निजलेली नाय." त्यांनी मान हलवली. "निजलेल्या मानसाचा सास पोटातून येतो. हिचा गल्यातच हाय. माजी सासू सा महिने अंथरुनावर होती, मना कलतं."

मी हसून विषय सोडला, पण त्या हलल्या नाहीत. "न् ती कुनाला काय तरी सांगतंय. तुला आयकाला येत नाय?"

माझ्याच स्टुडिओत उभं राहून मला ऐकू येत नाही असं सांगणारी ही पहिलीच. आवाज पूर्ण वाढवून बघितला. श्वासाच्या खाली काहीतरी आहे खरं, पाण्याखाली कोणी पुटपुटावं तसं. गाळणीतून सुटलेलं असणार. माझी गाळणी तुला माहितीय. शेजारच्या नाडकर्णींचा टीव्ही, खालचा भाजीवाला, माझी पावलं, माझं गुणगुणणं असलं सगळं रेकॉर्डिंगमधून काढून टाकायला मी कॉम्प्युटरवर जी सेटिंग बसवलेली, ती. माणसाचं बोलणं म्हणून जे काही असेल ते ती उचलून फेकते आणि मागे नुसता श्वास ठेवते. कार्डावरची फाईल आधी गाळणीतून जाते, मगच मी हेडफोन लावतो. मूळ फाईल मी कधीच ऐकत नाही. तांदूळ निवडायच्या आधी कोणी शिजवायला घेतं का?

नाडकर्णींचा टीव्हीच असेल.

विनीत

बाळकुम
२७ जानेवारी

संचिता,

दुसरं पत्र न फोडता परत आलं. म्हणून ते आणि हे एकाच पाकिटात घालून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. तिसरीच्या पोरांसमोर तू पाकीट परत करणार नाहीस.

काल दुपारी ठाण्यात एका छोट्या हॉलमध्ये तीसेक लोकांना सिनेमा दाखवला. लोक हसायच्या जागी हसले, मावशीच्या तळतळाटाला गप्प झाले. मग तो शॉट आला. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, तिथून सगळ्यांची डोकी दिसतात. पुरुष पडद्याकडे बघत होते. बायका एकेक करून मान वळवायला लागल्या. कोणी मागे बघितलं, कोणी शेजारणीकडे. तिसऱ्या रांगेतल्या एक काकू मोठ्याने म्हणाल्या, "हो गं, बोल ना." मग त्या स्वतःच दचकल्या आणि पर्स उचलून बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो. म्हणाल्या, "मला कोणीतरी काहीतरी विचारत होतं हो. शब्द नाही कळले."

ऐश्वर्या बाहेर पायरीवर बसलेली. वय चोवीस-पंचवीस, एरवी सेटवर सगळ्यांची टर उडवणारी पोरगी. शॉट संपायच्या आधीच उठून आलेली.

"सर, तो कोणाचा श्वास आहे?"

"का? आवडला नाही?"

"मी चार दिवस त्या पलंगावर डोळे मिटून पडलेले. डोळे मिटून जागी पडलेली बाई कसा श्वास घेते ते मला माहितीय आता. ही जागी आहे सर. हिला कोणी उठवत का नाहीये?"

"माझ्या बायकोचा आहे," मी म्हटलं.

ती एक पायरी खाली सरकली. "त्या... आहेत ना?"

"आहे. कल्याणला असते." तिचा विश्वास बसला नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. मी तुझा फोटोही दाखवला. तो तिने नीट बघितलाही नाही.

मला राग आलाय, आणि कोणावर ते कळत नाही. तुझ्यावरही आलाय. तू तेव्हा झोपलेली होतीस की नव्हतीस? जागी असलीस तर एकोणीस वेळा मला फसवलंस का? मी आत आल्यावर कधी कधी थोडा वेळ उभा राहायचो, तुझ्याकडे बघत. नवरा होतो मी तुझा. त्यात श्वास धरण्यासारखं काय होतं?

हल्ली दुपारी जेवून इथे कोचावर आडवा झालो की दाराशी कोणी येऊन थांबल्यासारखं वाटतं. मग माझाही श्वास थांबतो. कोणी नसतं. पण ते 'कोणी नाही' कळेपर्यंत हलायची हिंमत होत नाही.

सतरा तारखेला यायचं की नाही हे मी ठरवलेलं नाही. आधी एवढं सांग, झोपलेली होतीस की नाही. हे कळल्याशिवाय मी कसा हो म्हणू?

विनीत

डोंबिवली
२ फेब्रुवारी, रविवार

संचिता,

तुझ्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शाळेच्या पत्त्यावर पुन्हा पत्र येता कामा नये म्हणाल्या. बरं म्हटलं. हे कुठे पाठवायचं ते माहीत नाही, नुसतं लिहून ठेवतोय.

मूळ फाईली ज्या हार्ड डिस्कवर आहेत ती आपल्या बेडरूमच्या कपाटात राहिलेली. ती आणायला दुपारी दोन वाजता डोंबिवलीला आलो. दाराशी येऊन सवयीने बेलकडे हात गेला. मग आठवलं, तिची वायर मीच तोडून ठेवलेली, टेक खराब होतात म्हणून. तुझ्या मैत्रिणी दार वाजवून वाजवून परत जायच्या, आणि मग यायच्याच बंद झाल्या.

कुलूप उघडलं. आत कोणीतरी होतं.

मी आवाजाचा माणूस आहे, रिकामं घर मला दारातूनच कळतं. हे रिकामं नव्हतं. बेडरूममधून एक संथ, घरघरता आवाज येत होता, आणि त्याच्या खाली कापड हलल्यासारखा दुसरा. मी चपला काढल्या. का काढल्या माहीत नाही. अनवाणी पॅसेजमधून गेलो, जसा तेव्हा जायचो तसाच. दार लोटलेलं होतं. ते ढकललं.

पलंगावर चादर होती आणि ती श्वास घेत होती. मधोमध वर यायची, खाली बसायची. वर यायची, खाली बसायची.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. मग मी "संचिता" म्हटलं, चांगलं मोठ्याने. त्या घरात मी इतक्या मोठ्याने आधी कधी बोललो असेन असं वाटत नाही.

फॅन चालू होता. रेग्युलेटर पाचवर. वारा चादरीच्या आत शिरून तिला उचलत होता. गणपतीत सामान न्यायला आलीस तेव्हा तू तो लावलास आणि तसाच ठेवून गेलीस. पाच महिने तो बंद घरात फिरतोय. युनिटं त्याचीच पडत होती. चादरीखाली गादीवर बसल्याची खूण अजून आहे. म्हणजे जाण्याआधी तू त्या फॅनखाली थोडा वेळ बसलीस.

मी हार्ड डिस्क घेतली आणि निघताना सवयीने फॅन बंद केला. चादर हळूहळू खाली बसली आणि मग हललीच नाही. ते मला बघवलं नाही. जिन्यात बसून हे लिहितोय. तेवढ्यात नाडकर्णीकाकू जिन्याने उतरल्या. त्यांना विचारलं, तुमचा टीव्ही दुपारी चालू असतो का हो रविवारी? म्हणाल्या, "अरे विनीत, आमच्या ह्यांना दुपारची झोप लागते. दुपारी टीव्ही आम्ही कधीच लावला नाही."

बाळकुम
१२ फेब्रुवारी

संचिता,

मूळ फाईली ऐकल्या. एकोणीसच्या एकोणीस, गाळणीशिवाय.

पहिल्या रविवारी आधी माझी पावलं आहेत. फॅनचं बटण, दार लोटल्याचा आवाज, स्वयंपाकघरात माझं गुणगुणणं. मग तू अगदी हळू बोलतेस. "विनीत, मला झोप नाही येत आहे. हे तू नंतर हेडफोन लावून ऐकशील ना? समोर बोलायला आले की टेक चालू असतो तुझा. म्हणून इथे सांगते. शाळेतून आल्यावर मला थोडं बोलावंसं वाटतं रे कोणाशी तरी. एवढंच." सोमवारी तू विचारलंस, ऐकलंस का. मी म्हटलं, ऐकलं. एकदम स्वच्छ आलंय.

चौथ्या रविवारी म्हणतेस, "तू ऐकलं म्हणालास, म्हणून पुन्हा सांगते. आज वर्गात मुलं म्हणाली, बाई, तुम्ही एवढं हळू का बोलता? मला कळलंच नव्हतं." सातव्या रविवारी, ज्याच्यावर कमलेशला काटा आला त्या रविवारी, तू म्हणतेस, "तू परत आत येतोस ना, तेव्हा मी श्वास धरून पडते. वाटतं, आज काहीतरी बोलशील. मला उठवशील." आणि लगेच पॅसेजमध्ये माझी पावलं. राजपुत्र आत यायचा तेव्हा तुझा श्वास थांबत नव्हता. मी यायचो तेव्हा थांबायचा. मी माझी पावलं आधीच काढून टाकलेली, म्हणून मला ते कधी दिसलं नाही.

पंधराव्या रविवारी तू रडतेस. "आईच्या पोटात गाठ निघालीय. चोवीस तारखेला ऑपरेशन आहे. मला एकटीला भीती वाटते. तू येशील ना? नुसतं हो म्हण सकाळी." सकाळी तू विचारलंस आणि मी म्हटलं, एकदम स्वच्छ. चोवीसला मी वाईला शूटिंगला गेलो. पहिल्या पत्रात त्या ऑपरेशनबद्दल मी जे लिहिलं ते मला आता वाचवत नाही. तू मला आठ दिवस आधी सांगितलं होतंस.

सतराव्या रविवारी म्हणतेस, "आता श्वास आपोआप थांबतो. आवाज झाला तर तू रागावशील असं वाटतं. तू रागावत नाहीस, माहितीय मला. तरी." आणि एकोणिसाव्या रविवारी तू खूप वेळ काहीच बोलत नाहीस. घामाने उशी ओली झाली असेल, तू कूस बदलतेस. मग विचारतेस, "तू सगळं ऐकतोस आणि काहीच म्हणत नाहीस. एकच सांग. मी उठू का?"

त्यानंतर माझी पावलं येतात. तुझा श्वास थांबतो. मी पन्नास सेकंद तिथे उभा आहे, ते मी मोजलं. मग मी रेकॉर्डर उचलतो.

तुला वाटलं मी ऐकून गप्प बसलो. मला वाटलं तू झोपलीस. मला लाज वाटते, संचिता. इतकी की इथे आरशाच्या काचेवर मी कागद लावलाय.

कमलेशला सांगितलं, तो श्वास मी देण्यासारखा नव्हता, तो माझा नव्हताच. आठवड्यावर रिलीज आलेलं, तो भयंकर चिडला. त्याने माझं नाव काढलंय, ते बरोबर केलं. पण रील बदललं. मी गाळणी उलटी चालवली, आणि सातव्या रविवारचं सगळं काढून टाकून फक्त पावलं ठेवली. आता त्या चार मिनिटांत मुलीचा काही आवाज नाही. पॅसेजमधून चालत येणारा अनवाणी माणूस तेवढा ऐकू येतो. तो थांबतो, उभा राहतो, काहीच बोलत नाही. ऐश्वर्याने बघितलं आणि म्हणाली, "आता बरोबर आहे, सर. आता भीती कोणाची वाटायला पाहिजे ते कळतंय." आवडाबाई उंबऱ्यात येऊन थांबल्या. जरा वेळ ऐकलं. "गेली कं ती बाय?" मी म्हटलं, गेली. "बरा जाला," म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

सतरा तारखेला मी वेळेआधी येईन आणि विचारल्यावर मोठ्याने हो म्हणेन. तू ज्या बाजूला असशील तिथून लांब उभा राहीन. तुझ्या आणि दाराच्या मध्ये येणार नाही. सिनेमाला ये, असं मी लिहिलं होतं, ते विसर.

हे पाकीट वकिलांमार्फत पाठवतोय, संदेश म्हणाला तसं. कधी पोचलं, कोणी घेतलं ते मला दिसणार नाही. आधीचं न पाठवलेलं पत्रही आत आहे. हार्ड डिस्क आत आहे. एक प्रत मी करून ठेवलेली. हे लिहिताना मध्येच उठून ती पुसली. आता माझ्याकडे तुझा कुठलाच आवाज नाही. यापुढे पत्रही येणार नाही.

एकोणिसाव्या रविवारचं उत्तर द्यायचं राहिलंय. ऊठ. तू माझी वाट न बघता कधीच उठलीस, ते मला कळलंय, आणि ते किती बरं झालं हेही. पण प्रश्न तू मला विचारला होतास.

घराच्या दोन्ही किल्ल्या पाकिटात आहेत. मी इथेच राहीन. काल डोंबिवलीला जाऊन बेल जोडून घेतली, चांगली खणखणीत वाजते. बेडरूमचा फॅन पाचवर लावून आलोय.

विनीत